लोखंड न लागलेला कोंबडा

“रातभर निस्तं चावतंय. काखेत, कमरेत, नको तिथं. मानसानं निजावं कुठं, झाडावर?”

बुधा हे कुणालाच उद्देशून बोलत नव्हता. पडवीतल्या कुडाला पाठ लावून तो ती खालीवर घासत होता आणि घासेल तसे कुडाचे शेणमातीचे पोपडे गळत होते. कुडाच्या आतल्या अंगाला, हातभर अंतरावर, त्याची सून ज्योत्स्ना नागलीच्या भाकरी करत बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं, खाजवणंसुद्धा. तिच्याही मनगटावर रात्रीपासून लाल गांधी उठल्या होत्या. पण सासऱ्याच्या खाजेवर सुनेनं काय बोलावं? तिनं भाकर परतली आणि पिठाचाच हात मनगटावर घासून घेतला.

“ढेकनं आसतील,” सासू तानुबाई अंगणातून म्हणाली.

“ढेकनं मला वळखू येत्यात. हे येगळंच हाये. दिसत नाय अन् सोडत नाय.”

“मंग घोंगडी उनात टाका.”

“घोंगडीचं काय घेऊन बसलीस? हे येतंय कुठून ते बघ की.”

ते कुठून येतंय हे तिघांनाही ठाऊक होतं. पडवीच्या कोपऱ्यात, बुधाच्या अंथरुणापासून दोन हातांवर, बांबूचं एक डालगं उपडं घातलेलं होतं. वरून जात्याची फुटकी तळी. आणि डालग्याखाली वाघदेवाचा कोंबडा.

तानुबाईचा एकुलता एक मुलगा दिनेश चार वर्षांपूर्वी, भात झोडून झाल्यावर, सातपूरला कारखान्यात काम बघतो म्हणून पेठहून एसटीत बसला. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. होळीला आला, दोन दिवस राहिला, बायकोला हिरव्या बांगड्या आणल्या. त्यानंतर आला नाही. तानुबाईनं शिवेवरच्या वाघदेवापुढं पदर पसरला, पोरगा घरी आला की तुला कोंबडा. घरात तेव्हा नुकती निघालेली अकरा पिल्लं होती, त्यातलं तांबडं तिनं देवाच्या नावानं बाजूला काढलं. पोरगा आला नाही. पिल्लाचा कोंबडा झाला, कोंबड्याचा म्हातारा झाला. देवाच्या नावाचा कोंबडा विकायचा नाही, खायचा नाही, आणि वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावरच्या वाघदेवाच्या सणाला, देवापुढं सुरी लागेपर्यंत त्याच्या अंगाला लोखंड लावायचं नाही, असं तानुबाईला तिच्या सासूनं सांगितलेलं. त्यातच एकदा पहाटे रानमांजरानं त्याच्या शेपटाची चार पिसं ओढून नेली. तेव्हापासून तो डालग्याखालीच होता. दाणा तिथं, पाणी तिथं. उकरायला माती नाही, मागं पळायला कोंबडी नाही. देवाच्या नावावर एवढं सुख त्याच्या वाट्याला आलं होतं.

भाकरी झाल्यावर ज्योत्स्नानं तळी बाजूला केली आणि डालगं उचललं. कोंबडा उठला नाही. नुसती मान वर करून त्यानं एका डोळ्यानं तिच्याकडं बघितलं. डालग्याच्या कामट्यांच्या सांध्यांत तिखट सांडल्यासारखी लाल भुकटी दिसत होती. तिनं बोट टेकवलं तर भुकटी चालायला लागली.

“आत्या, ह्या पिसवा बघा. कामटीकामटीत बसल्यात. दिवसा लपतात अन् अंधार पडला की ह्याला पितात. ह्याच्यानं पोट नाय भरलं की मामांकडं जातात.”

“माजं रगत गोड लागत आसंल,” बुधा कुडापासून न हलता म्हणाला.

पण ज्योत्स्नाचं लक्ष कोंबड्याच्या पायांकडं गेलं होतं. पायांच्या खवल्या उभ्या राहून त्यांच्याखाली पांढरी पुटं चढली होती, चुन्यात बुडवून काढल्यासारखी. आणि नखं वाढून वाढून विळ्यासारखी वळली होती. उजव्या पायाचं मागचं नख तर फिरून परत बोटातच टोचत होतं. हा उभा कसा राहणार?

“ह्याची नखं कापाय पायजेत.”

“लोखंड नाय लावायचं,” तानुबाई म्हणाली. “तुला म्हाईत हे.”

ज्योत्स्नानं डालगं परत ठेवलं. तळी ठेवताना मात्र ती जरा आपटलीच.

ती सातवीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेली. ज्योत्स्ना हे नाव तिथल्या बाईंनी हजेरीला लावलं होतं आणि सासरी ते कुणाच्या तोंडात नीट बसलं नव्हतं, सगळे ज्योसनाच म्हणत. दर वर्षी दसरा झाला की ती टोळीबरोबर दिंडोरीकडं द्राक्षाच्या छाटणीला जायची. हात इतका बसलेला, की बागाईतदार मुकादमाला विचारायचा, ती पेठवाली आली का? तिची स्वतःची कात्री होती, लाल मुठीची, खोबरेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवलेली. यंदा गाडी वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी येणार होती. आणि वाघबारशीलाच तिचा भाऊ लखन येणार होता, उत्तर घ्यायला.

लखनचं म्हणणं सरळ होतं. काडीमोड करून घे आणि दुसरं घर कर. ठिकाणही त्यानं बघून ठेवलं होतं. सहादू, टोळीतलाच, बायको वारलेला. छाटणीत दोन ओळी सोडून चालायचा आणि पाण्याचा हंडा आला की आधी स्वतः न पिता तांब्या तिच्या ओळीच्या टोकाला ठेवून जायचा. बोलायचा काही नाही. तो दिवाळीपर्यंत थांबणार होता. त्याच्या आईला पुढं थांबवत नव्हतं.

ज्योत्स्नाचं मन कधीच तयार झालं होतं. पण डालग्याखाली नवस जिवंत असताना, दिनेश येणार या बोलीवर घर चाललेलं असताना, सासूसमोर तोंड कसं उघडायचं? तो येणार नव्हता. मागच्या दिवाळीत लखननं त्याला सातपूरच्या बाजारात बघितलं होतं, शेजारी बाई, कडेवर तान्ही पोर. हे ऐकून ज्योत्स्ना दोन वेलींच्या मधे खाली बसली होती आणि मग उठून उरलेली ओळ पुरी केली होती. बाप भेटून गेला हे दिनेशनंच लखनला सांगितलं होतं, त्यामुळं तेव्हाच तिला हेही कळलं, की त्याच्या आधी आषाढात सातपूरला जाऊन आलेले मामा “पत्ता लागला नाय” म्हणाले ते खोटं होतं. आपल्याला कळलंय हे मामांनाही कळलं. दोघांनी कधी त्यावर अक्षर काढलं नाही. म्हातारीला सोसवायचं नाही, म्हणून दोघं गप्प होते.

दुपारी शेजारची सखुबाई कमरेवर हात ठेवून अंगणात आली.

“तानुबाय, तुमचा देव तुमच्या घरात ठिवा बया. त्याच्या पिसवा आमच्या खुराड्यात कशाला? माजी खुडूक अंड्यांवरून उठली. तेरा अंडी थंड झाली!”

“देवाचं नाव घिऊन बोलू नको, सखे.”

“देवाला नाय बोलत, पिसवांना बोलती. चार वर्सं झाली, देव जेवला आसता येव्हाना. का त्यानं बी आशा सोडली?”

तानुबाईनं सूप उचललं आणि ती आत गेली. सखुबाईनं जीभ चावली. तिनं ज्योत्स्नाकडं बघून डोळे बारीक केले आणि “राख टाका म्हनावं,” एवढं म्हणून निघून गेली.

त्या दिवसापासून तानुबाई कामाला लागली. कोंबड्याला मांडीवर घेऊन ती त्याची नखं दगडावर घासायची. लोखंड नाही, दगड चालतो. तीन दिवस घासली. कोंबडा ओरडायचा, पंख मारायचा, तिच्या तोंडावर धूळ उडायची. नखं गव्हाएवढीही कमी झाली नाहीत, तिच्या तळहाताचं मात्र सालटं गेलं. ज्योत्स्ना समोर बसून विळ्याला धार लावत राहायची. दोघींच्या दगडांचा आवाज एकमेकींत मिसळायचा आणि बोलायची गरज पडायची नाही.

चौथ्या दिवशी दोघी हळवं भात कापायला खाचरात गेल्या. बुधा घरी होता, कंबर धरली म्हणून. कंबर किती धरली होती ते त्याचं त्याला माहीत. पण आढ्याला एक पुडी खोचलेली होती, मागं एका बागेतून मागून आणलेली, वेलीवरच्या किडीची पावडर. ज्योत्स्ना सकाळीच म्हणाली होती, “मामा, त्याला हात लावू नका. बागेत ती मारतात तेव्हा आमाला तोंडाला फडकं बांधून लांब बसवतात.”

“म्हंजे जालीम हाय,” बुधा समाधानानं म्हणाला होता.

दोघी संध्याकाळी परतल्या तर तो उंबऱ्यात बसला होता, मान खाली. खुराड्यात कोंबड्या होत्या तशाच, वरून त्यानं पावडर भुरभुरली होती. काळी तलंग, पहिल्याच वेताला सोळा अंडी दिलेली, मान पाठीवर वळवून गोल गोल फिरत होती. अंधार पडायच्या आत ती मेली. बाकीच्यांना ज्योत्स्नानं ओढून बाहेर काढलं, पाण्यानं धुतलं, ओढ्याकाठच्या जांभळीवर चढवलं.

“देवाच्याला नाय टाकली,” बुधा म्हणाला. “डालग्याला फकस्त. एक चिमट.”

तानुबाईनं धावत जाऊन डालगं उचललं. कोंबडा पाय वाकडे टाकून पडला होता, चोच उघडी, छाती धपापत. तिनं त्याला पदरात घेतलं. तिच्या मांडीवरचं सगळं ओझं म्हणजे शेर-दीड शेर पिसं आणि हाडं. पण त्याच्याकडं बघत होती ती अशी, की ज्योत्स्नानं तोंड फिरवलं.

तलंग पुरावी लागली. खड्डा बुधानंच खणला. कुंपणावरून सखुबाई म्हणाली, “पुरली? रस्सा नाय केला?” आणि बुधानं आयुष्यात पहिल्यांदा तिला उलट उत्तर दिलं नाही.

कोंबडा रात्रीतून मेला नाही. सकाळी त्यानं पाणी घेतलं. त्या दिवशी गावाचा बाजार होता. ज्योत्स्ना बाजारात गेली आणि वडाखाली बसलेल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या माणसाला गाठलं. तो बैलांच्या खुरांना औषध लावण्यात गुंतला होता. कोंबडीचं नाव ऐकून आजूबाजूचे हसले. तो हसला नाही.

“पावडर? कोणी सांगितली?”

“घरातल्यांनी.”

“त्यांना सांगा, पुढच्या वेळी स्वतःच्या अंगाला लावून बघा. हे बघा ताई, किडा कोंबड्यावर राहत नाही, फटीत राहतो. डालगं जाळून टाका. खुराडं उकळत्या पाण्यानं धुवा, फटींत चुना भरा. आठ दिवसांनी परत तेच. पहिल्या खेपेला अंडी राहतात, ती फुटतात. राखेचा खड्डा करून द्या, कोंबड्या आपल्या आपण लोळतील. पाय कोमट पाण्यात भिजवायचे, पुटं ओरबाडायची नाहीत, करंजाचं तेल चोळायचं. रोज. आणि नखं कापा, नाहीतर बाकी सगळं करून तो बसूनच मरेल.”

“नखात रक्त असतं का हो?”

“मुळाकडं असतं. उन्हाकडं धरा, आत लाल रेघ दिसते. ती सोडून टोकाकडं कापा.”

ज्योत्स्नाला हसू आलं. एवढंच होतं तर! द्राक्षाची काडी कुठपर्यंत जिवंत आणि कुठून पुढं नुसतं लाकूड, हे बघतच तर तिची सात वर्षं गेली होती.

घरी आल्यावर तिनं ऐकलं तसं सांगितलं, शेवटची गोष्ट सोडून. डालगं अंगणात जाळलं. कामट्या पेटल्या तेव्हा त्यातून तडतड आवाज आला आणि बुधा म्हणाला, “ऐका, माजं रगत तडतडतंय.” हसलं कुणीच नाही, पण घरात आठवड्याभरात पहिल्यांदा कुणीतरी थट्टा केली होती. त्यानं मग पाण्याचे चार हंडे तापवले, खुराडं धुतलं, चुना कालवून फटीफटीत बोटानं भरला. बोटं भाजली तरी थांबला नाही. तलंगीचं देणं तो असं फेडत होता.

तानुबाईनं चुलीतली राख चाळून परसात टाकली. जांभळीवरून उतरलेल्या कोंबड्या आधी लांबून बघत राहिल्या, मग एक शिरली, मग सगळ्याच. राखेचे लोट उठले. पंख पसरून, डोळे मिटून, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. तांबडा कोंबडा मोरीपाशी ठेवलेला होता. त्यानं राखेकडं मान लांबवली, उठायला गेला, नखं एकमेकांत अडकली आणि तोंडावर पडला. परत उठला. परत पडला.

तानुबाई चाळण हातात धरून ते बघत होती. तिसऱ्या वेळी तो पडला तेव्हा ती म्हणाली,

“ज्योसना, तुजी कात्री आन.”

ज्योत्स्नाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बुधा चुन्याच्या हातानं खुराड्याबाहेर आला.

“आगं, येडी का काय तू? उद्या वाघबारस. आज लोखंड लागलं तर त्यो देवाचा नाय ऱ्हायचा.”

“नाय ऱ्हायचा.”

“अन् नवस?”

“कात्री आन, पोरी.”

ज्योत्स्ना आत गेली. फडक्यातून कात्री काढून तिनं एकदा उघडझाप करून बघितली. बाहेर येईपर्यंत तानुबाईनं कोंबड्याला मांडीवर उताणा घेतला होता, पदर त्याच्या डोळ्यांवरून ओढला होता. अंधार झाला की कोंबडं शांत होतं. त्याचे पाय तिनं मघाशीच कोमट पाण्यात भिजवून ठेवले होते, तेल लावून ते पिवळसर चमकत होते.

उन्हं अजून परसात होती. ज्योत्स्नानं पाय हातात घेतला, एक नख उन्हाकडं धरलं. दिसली. केसाएवढी लाल रेघ, मुळापासून निघून मधेच थांबलेली. तिच्यापुढं दोन बोटं नुसतं वाळकं शिंग. तिनं रेघ सोडून टोकाकडं पातं टेकवलं. कट्. नख उडून राखेत पडलं. दुसरं. तिसरं. कोंबड्याची छाती सासूच्या हाताखाली वरखाली होत होती. बुधा जवळ आला नाही, पण गेलाही नाही, खुराड्याला टेकून उभा राहिला आणि दंड खाजवत राहिला.

मागचं नख अवघड होतं. ते वळून बोटात रुतलं होतं, आतली रेघ दिसेना. ज्योत्स्नानं अंदाजानं कापलं आणि रक्ताचा थेंब आला. कोंबडा पदराखाली कण्हल्यासारखा बोलला.

“माफ करा आत्या, जरा आत गेलं.”

“हळद दाब. थांबंल.”

तानुबाईनं स्वतःच अंगठा दाबून धरला. तिच्या सालटं गेलेल्या तळव्यावर हळद आणि रक्त एक झालं. राखेत कोंबड्या एकमेकींना चोचीनं ढकलत होत्या.

“सातपूरचं पोर आता चालाय लागलं आसंल,” तानुबाई म्हणाली.

ज्योत्स्नाच्या हातातली कात्री उघडी ती उघडीच राहिली. बुधाचं खाजवणं थांबलं.

“आत्या...”

“त्ये सातपूरहून आले,” नवऱ्याकडं न बघता तानुबाई म्हणाली, “म्हनले, पत्ता लागला नाय. सदरा मी धुया नेला. तू म्हनलीस, द्या मी धुते. नाय दिला. खांद्याला काजळ व्हतं. तान्ह्या लेकराच्या डोळ्याचं, खांद्यावर घेतलं की पुसतं तसं. तीनदा साबन लावला. निघालं नाय.”

बुधा खाली बसला.

“तवाच बोलायचंस ना,” तो म्हणाला. “मी मेलो सव्वा वरीस, तुला कळू नये म्हनून.”

“तुमी माज्यासाठी गप. ही माज्यासाठी गप. मंग मी कुनासाठी बोलू?” तिनं अंगठा उचलून बघितला. रक्त थांबलं होतं. “बोलले आसते तर ही दुसऱ्या दिशी पिशवी भरून गेली आसती. तिचा भाव येऊन नेनारच व्हता. मंग हितं कोन? तुमी अन् मी. कुडाकडं बघत.”

ज्योत्स्नाला काही बोलायचं होतं. जाणार नाही, असं म्हणायचं होतं का काय, तिचं तिलाही कळेना. तिनं कात्रीचं पातं पदराला पुसलं.

“पयली दोन वर्सं कोंबडा दिन्यासाठी ठेवला,” तानुबाई म्हणाली. “काजळ बघितलं तवापासून तुज्यासाठी ठेवला. डालग्याखाली ह्यो हाये तवर देवाचं काम बाकी. अन् देवाचं काम बाकी तवर तू जात नाय. देवाला बी म्या फशिवलं.”

तिनं पदर जरा बाजूला केला. कोंबड्यानं एक डोळा उघडून उन्हाकडं बघितलं. म्हातारीनं पदर परत ओढला, आणि डावा पाय सुनेच्या हातात दिला.

“दिन्या यायचा नाय, ज्योसना. उद्या लखन कशाला येतोय त्ये कळतंय मला. हो म्हन त्याला. ह्यो येवढा पाय कर अन् मंग जा.”